एनजीसी ४१५१: प्रकाशाच्या उशिरावरून अंतर मोजण्याच्या नोंदी

२२ नोव्हेंबर

या हंगामात एकच काम धरलंय. एनजीसी ४१५१ या दीर्घिकेच्या केंद्राचा प्रकाश कमीजास्त होतो. जमेल त्या प्रत्येक रात्री तो दोन फिल्टरमधून मोजायचा. एका फिल्टरमधून कृष्णविवराभोवतीच्या तप्त तबकडीचा प्रकाश, दुसऱ्यातून तिच्या बाहेर वेगाने फिरणाऱ्या हायड्रोजनच्या ढगांचा. तबकडी उजळली की ढगही उजळतात, पण काही दिवसांनी, कारण प्रकाशाला तिथवर पोचायला तेवढा वेळ लागतो. उशीर दिवसांत मिळाला की ढगांचं अंतर प्रकाशदिवसांत मिळालं.

हे ढग दुर्बिणीतून वेगळे दिसणं शक्यच नाही. दीर्घिका सुमारे ५ कोटी प्रकाशवर्षांवर आहे आणि ढगांचा पट्टा केंद्रापासून जेमतेम आठवडाभराच्या प्रकाशवाटेवर. आकाशात तो कोन एका आर्कसेकंदाच्या (अंशाच्या ३६०० व्या भागाच्या) दहा हजाराव्या भागापेक्षाही लहान भरतो. फलटणच्या हवेत माझ्या ८ इंची दुर्बिणीतून साधा ताराच ३ आर्कसेकंदांचा दिसतो. त्यामुळे मोजायचं ते घड्याळानेच.

हीच दीर्घिका का? तेजाच्या मापात केंद्र ११-१२ प्रतीचं आहे, म्हणजे छोट्या दुर्बिणीला पुरेसं तेजस्वी. आपल्याकडून ती मध्यरेषेवर ६८ अंश उंचीवर येते. हायड्रोजन-बीटा रेषेचा (हायड्रोजन ठरावीक तरंगलांबींना प्रकाश देतो, त्या त्याच्या रेषा) प्रसिद्ध झालेला उशीर ६.६ दिवसांचा आहे, म्हणजे डिसेंबर ते मे या हंगामात तो अनेकदा दिसायची संधी मिळते. ३सी २७३ हा क्वेसारही (फार दूरचं, अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्र) छोट्या दुर्बिणीच्या आवाक्यात येतो, पण तिथे उशीर जवळजवळ पाच महिन्यांचा. मधला सगळा प्रतिसाद पावसाळ्यात वाहून जाईल.

वर्णपट घेण्याचं साधन माझ्याकडे नाही. पण चेरेपाश्चुक आणि ल्युती या सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञांनी १९७३ साली याच दीर्घिकेवर, अरुंद पट्ट्याच्या फिल्टरने, हायड्रोजन-अल्फाचा, म्हणजे हायड्रोजनच्या लाल रेषेचा, प्रकाश मागून येतो हे दाखवलं होतं. ते वाचलं आणि हे काम आपल्यालाही करून बघता येईल असं वाटलं.

३० नोव्हेंबर

मामांच्या शेतात, विहिरीच्या अलीकडे, सरकत्या पत्र्याच्या छपराची खोली उभी राहिली. वेल्डरची मजुरी धरून २१,००० रुपये. घरापासून ९ किलोमीटर. दुर्बीण रोज जोडायची-सोडायची असती तर हे काम हातीच घेतलं नसतं, कारण एकदा ध्रुवाशी जुळवलेला स्टँड जागचा हलता कामा नये. छपराला उतार दिला आहे, पण सरकवायच्या रुळांना गंज लागू नये म्हणून ऑइलपेंट आधी मारायला हवा होता. तो राहिला.

६ डिसेंबर

पहिली रात्र. रात्र म्हणजे पहाट: या दिवसांत दीर्घिका पहाटे चारच्या सुमारास नीट वर येते. कॉलेजमधला पहिला तास ७.२० ला, म्हणून ४ ते ५.४५ एवढाच वेळ हाताशी. कॅमेरा थंड होणारा, कृष्णधवल सेन्सरचा. फोकल रिड्यूसर (प्रतिमा लहान करणारं भिंग) लावल्यावर एका पिक्सेलमध्ये ०.६ आर्कसेकंद बसतात. तबकडीसाठी व्ही (हिरव्या-पिवळ्या) फिल्टरमधून ६० सेकंदांची २० छायाचित्रं, हायड्रोजन-अल्फामधून ३०० सेकंदांची ८. तुलनेचे तीन तारे एएव्हीएसओ या बदलते तारे मोजणाऱ्यांच्या अमेरिकी संस्थेच्या नकाशावरून घेतले.

व्ही फिल्टरचे ११,८०० आणि ३ नॅनोमीटर पट्ट्याच्या हायड्रोजन-अल्फा फिल्टरचे २४,००० रुपये.

२१ डिसेंबर

२४,००० रुपयांचा फिल्टर चुकीचा निघाला. दोष फिल्टरचा नाही, माझ्या निवडीचा आहे.

दोन आठवड्यांची हायड्रोजन-अल्फाची छायाचित्रं बघताना केंद्र अपेक्षेएवढं उठून दिसेना. केंद्राचं ताऱ्यांशी गुणोत्तर व्ही फिल्टरपेक्षा थोडंच जास्त. या दीर्घिकेची हायड्रोजन-अल्फा रेषा इतकी प्रखर आहे की ते गुणोत्तर कितीतरी वाढायला हवं होतं. आधी वाटलं फोकस चुकला, मग वाटलं ढग. शेवटी कागद घेऊन बसले. रेषेची मूळ तरंगलांबी ६५६३ अँगस्ट्रॉम (१० अँगस्ट्रॉम म्हणजे १ नॅनोमीटर). दीर्घिकेची ताम्रसृती, म्हणजे ती दूर जाते म्हणून तरंगलांबी वाढते त्याचं प्रमाण, ०.००३३. १.००३३ ने गुणाकार केला तर रेषा आपल्याकडे ६५८५ वर पोचते. ३ नॅनोमीटरचा फिल्टर ६५४८ ते ६५७८ एवढंच आत सोडतो. रेषेचा माथा फिल्टरच्या बाहेर! शिवाय रिड्यूसरमुळे किरण तिरके येतात आणि असा फिल्टर तिरक्या किरणांना आणखी निळ्या बाजूला सरकतो, म्हणजे चूक वाढतेच.

तेजोमेघांचे फोटो काढणाऱ्यांना अरुंद फिल्टर चांगला, हे ऐकून घेतला होता. तेजोमेघ आपल्याच आकाशगंगेतले, त्यांना ताम्रसृती नसल्यातच जमा.

मग आणखी एक गोष्ट लक्षात आली. ढग सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरतात, त्यामुळे रेषा दोन्ही बाजूंना पन्नास-साठ अँगस्ट्रॉम पसरलेली असते. ७ नॅनोमीटरचा फिल्टर घेतला तर माथा आणि निळी बाजू मिळेल, लाल बाजू अर्ध्याहून जास्त कापली जाईल. १२ नॅनोमीटरचा ६५०३ ते ६६२३ धरतो, त्यात बरंचसं बसतं. तो मागवला, १२,५०० रुपये. जुना एका ओळखीच्या छायाचित्रकाराला १५,००० ला दिला.

ज्याला हे काम करायचं असेल त्याने फिल्टर घेण्याआधी हा एक गुणाकार करावा. दोन आठवड्यांचा हायड्रोजनचा प्रकाश माझ्या हातून गेला, तो परत येणार नाही.

११ जानेवारी

फिल्टर ४ तारखेला आला, पण त्यानंतर बहुतेक रात्री ढग. तेवढ्या रात्री घरी बसून हिशेबाची रीत (तेजाचा एक वक्र दुसऱ्यावर सरकवत किती दिवसांना सगळ्यात नीट जुळतो ते बघायचं) शिकून घेतली, दुसऱ्यांनी मोजलेल्या आकड्यांवर. एनजीसी ५५४८ ही अशीच दुसरी दीर्घिका यासाठी सगळ्यात चांगली शाळा आहे. १९८८च्या डिसेंबरपासून आठ महिने आययूई या अतिनील दुर्बिणीच्या उपग्रहाने दर चार दिवसांनी तिच्याकडे पाहिलं. जमिनीवरच्या दुर्बिणींनी त्याच काळात सुरू केलेलं काम पुढे तेरा वर्षं चालवलं. आकडे सगळ्यांना खुले आहेत. साधी फाइल, तीन रकाने: ज्युलियन दिनांक (खगोलशास्त्रातला दिवसांचा सलग आकडा), तेज, त्रुटी.

पहिल्याच हिशेबात उशीर उणे २० दिवस आला. म्हणजे ढग आधी उजळले आणि तबकडी मागून! दोन फाइल उलट्या क्रमाने दिल्या होत्या. एवढ्यात एक संध्याकाळ गेली, पण तेव्हापासून प्रत्येक हिशेबाआधी एक चाचणी करते: तबकडीचाच वक्र घ्यायचा, तो मुद्दाम १० दिवस पुढे सरकवायचा आणि प्रोग्रॅम अधिक १० देतो का ते बघायचं.

दुसरी चूक जास्त खोल होती. तेराही वर्षांचे आकडे एकत्र टाकले. दरवर्षी दीर्घिका सूर्याआड गेली की काही महिन्यांची खिंड पडते, आणि प्रोग्रॅम त्या खिंडीवरून सरळ रेघ ओढतो. त्या रेघांचीच एकमेकींशी जुळणी होऊन जुळणीचं शिखर पसरट झालं. वर्ष वेगवेगळं करून १९८९ घेतलं आणि उशीर २० दिवसांच्या आसपास स्थिरावला, जो त्या वेळी प्रसिद्धही झाला होता. रात्री साडेअकरा वाजले होते. पस्तीस वर्षांपूर्वीचे आकडे आणि माझा जुना लॅपटॉप, तरी तो वक्र सरकत सरकत दुसऱ्यावर बसताना पाहिला तेव्हा अंगावर काटा आला.

त्रुटी काढायची प्रचलित रीत अशी: नोंदींतून यादृच्छिक नोंदी उचलायच्या, प्रत्येकीला तिच्या त्रुटीएवढा धक्का द्यायचा, उशीर काढायचा. हे हजार वेळा. आलेल्या हजार उत्तरांचा पसारा तीच त्रुटी. शिखराचं टोक न घेता शिखराच्या ८० टक्क्यांवरच्या भागाचा मध्य घ्यायचा, तो जास्त स्थिर असतो.

उशीर काढणारा जॅव्हलिन नावाचा दुसरा प्रोग्रॅम बसवायला दोन संध्याकाळी गेल्या. त्याला फोरट्रानचा कंपायलर लागतो आणि नव्या पायथनशी त्याचं जमेना. शेवटी जुन्या आवृत्तीचं वेगळं पर्यावरण करून चालवला. सुरुवातीला त्याच्या मागे लागू नका.

२६ जानेवारी

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची आहे.

व्ही फिल्टरचा माझा वक्र छान दिसत होता. ८ जानेवारीला ०.०६ प्रतीने उजळ, मग उतरण, २० तारखेला पुन्हा चढ. मी तो एका मित्राला पाठवलासुद्धा. मग सवयीने त्या त्या रात्रीची ताऱ्यांची रुंदी बाजूच्या रकान्यात लिहिली आणि दोन रकाने एकमेकांसमोर मांडले. ठिपके जवळजवळ एका रेघेत. जेव्हा हवा वाईट आणि तारे फुगलेले, तेव्हा दीर्घिका उजळ. वक्राचा आकार दीर्घिकेचा नव्हता, फलटणच्या हवेचा होता.

कारण असं. केंद्राभोवती दीर्घिकेच्या स्वतःच्या ताऱ्यांचा धूसर प्रकाश पसरलेला असतो. माझा प्रोग्रॅम मोजण्याचं वर्तुळ ताऱ्यांच्या रुंदीच्या दुप्पट त्रिज्येचं धरत होता. हवा बिघडली की वर्तुळ मोठं होतं. बदलत्या ताऱ्यांसाठी ते योग्यच, कारण ताऱ्याभोवती मोजायला दुसरं काही नसतं. पण इथे वर्तुळ मोठं झालं की दीर्घिकेचे आणखी तारे आत येतात आणि केंद्र उजळल्याचा भास होतो.

दुरुस्ती दोन पायऱ्यांत केली. आधी वर्तुळ कायमचं ९ आर्कसेकंद त्रिज्येचं, म्हणजे १५ पिक्सेलचं ठरवलं. मग प्रत्येक रात्रीचं छायाचित्र मुद्दाम धूसर करून सगळ्यात वाईट रात्रीच्या रुंदीला, ४.५ आर्कसेकंदांना, आणलं. चांगल्या रात्रीचं चित्र बिघडवताना हात जड होतो, पण सगळ्या रात्री एका मापाच्या झाल्याशिवाय तुलना होत नाही. त्यानंतर ८ जानेवारीचा उजळपणा गेला. २० तारखेचा चढ उरला, पूर्वीच्या निम्म्याहून कमी.

मित्राला कळवलं की पहिला वक्र चुकीचा होता.

३ फेब्रुवारी

शेतीपंपांच्या थ्री-फेज विजेची रात्रीची पाळी सुरू झाली. दहा वाजता शिवारातले पंप एकदम चालू होतात, व्होल्टेज खाली येतं आणि स्टँडचा अडॅप्टर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. दुर्बिणीला आपण कुठे बघतोय हे आठवत नाही. नऊ रात्री अर्धवट गेल्या. आता सगळं १२ व्होल्टच्या बॅटरीवर घेतलं, ९,२०० रुपये. बॅटरी दिवसा भरायची, रात्री विजेशी संबंध ठेवायचा नाही.

त्याच सुमाराला घड्याळाचा घोळ सापडला. लॅपटॉप फाइलमध्ये भारतीय वेळ लिहीत होता आणि प्रोग्रॅम तिला जागतिक वेळ समजत होता. साडेपाच तास, म्हणजे ०.२३ दिवस. माझ्या दोन्ही फिल्टरना सारखाच फरक असल्यामुळे उशिरावर परिणाम नाही, पण दुसऱ्या कोणाचे आकडे जोडायचे म्हटलं तर चूक. सगळ्या फाइल सुधारल्या. आपल्याला एक सोय मात्र आहे: ज्युलियन दिवस संध्याकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे आपली अख्खी रात्र एकाच आकड्यात बसते.

१४ फेब्रुवारी

संध्याकाळी लवकर गेले. आता दीर्घिका दहानंतर मिळते, पहाटेचं बंधन गेलं. मामा चारीच्या कडेला पाण्याची वाट बघत बसले होते. नीरा उजव्या कालव्याचं आवर्तन सुटलेलं.

"रोज त्या एकाच ठिपक्याचं फोटू कशाला काढतीस?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मामा, तिकडे मधोमध एक दिवा आहे, तो कमीजास्त होतो. त्याच्याभोवती ढग आहेत. ते किती लांब आहेत ते मला इथून दिसत नाही. पण दिवा वाढल्यावर ढग किती दिवसांनी उजळतात ते मोजता येतं."

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे गेट उघडल्याव पाणी आपल्या चारीला कधी येतं, त्याच्यावरनं गेट किती लांब ते काढायचं."

"अगदी तेच."

"पण पाणी समद्यांना एका टायमाला कुठं मिळतं? पुढच्याला आधी, टेलच्याला शेवटी. मग तू कुणाचा टाइम धरतीस?"

मी या विषयावर बरंच वाचलं आहे, पण एवढ्या थेट शब्दांत हा प्रश्न कुठे भेटला नव्हता. ढग एका जागी नसतात. आपल्या बाजूच्या ढगांचा उजेड जवळजवळ तबकडीच्या बरोबरीने येतो, पलीकडच्यांचा जाऊन-येऊन दुप्पट उशिराने. मला मिळतो तो सगळ्यांचा मिळून एक आकडा, सरासरी. त्या एका आकड्यामागे वाटपाचा अख्खा नकाशा दडलेला असतो, आणि तो उलगडायला रोजच्या वर्णपटांची मोठी मोहीम लागते.

"आणि गेट कायम एकसारखं उघडं ठिवलं तर?" मामांनी विचारलं.

तर काहीच कळणार नाही. कालवा भरून वाहत राहील आणि पाणी कधीचं, हे सांगता येणार नाही. म्हणून तर बदल हवा. दीर्घिका शांत राहिली तर माझा हंगाम फुकट.

पाटकरी येईपर्यंत मी खोलीच्या पत्र्यावर खडूने त्यांना थर काढून दाखवले. मधे कृष्णविवर, सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमानाचं. त्याला लागून तबकडी. मग आठवड्याभरावर हायड्रोजनचे ढग. त्याच्या बाहेर धूळ: याच दीर्घिकेत अवरक्त प्रकाशाचा उशीर वेगवेगळ्या वर्षी ३० ते ७० दिवस मोजला गेला आहे. आणि फार बाहेर विरळ वायू, ज्याच्या अरुंद रेषा माझ्या एका हंगामात हलतही नाहीत. एनजीसी ५५४८ मध्ये हीच रचना वायूच्या थरांतही दिसते. हेलियमची रेषा आधी उत्तर देते, हायड्रोजन-बीटा नंतर. ज्या रेषेचा उशीर कमी तिची रुंदी जास्त, कारण आतले ढग वेगाने फिरतात. उशीर आणि वेगाचा वर्ग यांचा गुणाकार साधारण एकच येतो, त्यावरूनच कृष्णविवराचं वजन निघतं.

पाणी रात्री पावणेदहाला आलं. मामा टॉर्च घेऊन पाण्याचं दारं मोडायला गेले, मी छप्पर सरकवलं.

८ मार्च

उसाला पाणी दिलं की रात्री तीननंतर दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर दव धरतं. आधी तारे आणि केंद्र सारखेच मंद होतात, त्यामुळे गुणोत्तर टिकतं आणि आपल्याला कळत नाही. मग काच धूसर झाली की प्रकाश पसरतो आणि २६ जानेवारीचीच चूक दुसऱ्या दाराने आत येते. गरम होणारा पट्टा लावला, ३,४०० रुपये. लावण्याआधीच्या चार रात्रींचे तीननंतरचे आकडे काढून टाकले.

कारखान्याला जाणाऱ्या ट्रॉल्यांचे हेडलाइट थेट नळीत शिरतात. रस्त्याच्या बाजूला हिरवं शेडनेट दुहेरी बांधलं.

कॅमेरा पुसताना थोडा फिरला आणि मी जुनेच फ्लॅट (धुळीच्या सावल्या काढून टाकायला घेतलेली एकसारख्या उजेडाची छायाचित्रं) वापरत राहिले. धुळीच्या एका कणाची गोल सावली तुलनेच्या ताऱ्यावर आली होती आणि त्या ताऱ्यात ०.०२ प्रतीची पायरी दिसली. तीन तारे होते म्हणून लक्षात आलं. एकच घेतला असता तर ती पायरी दीर्घिकेची म्हणून नोंदली असती. आता कॅमेऱ्याला हात लागला की नवे फ्लॅट.

२७ मार्च

फेब्रुवारीच्या शेवटापासून व्ही फिल्टरमध्ये केंद्र सतत चढत होतं. गेल्या चार दिवसांत चढ थांबला. एकूण ०.१ प्रतीच्या आसपास. रुंदीच्या रकान्याशी ताडून पाहिलं, संबंध नाही. तिन्ही तारे स्थिर. हा चढ दीर्घिकेचा आहे.

हायड्रोजनचा वक्र अजून चढतोच आहे.

या आठवड्यात एकही रात्र सोडायची नाही असं ठरवलं आहे. बारावीचे पेपर तपासायला आले आहेत, ते खोलीतच टेबल टाकून तपासते.

१९ एप्रिल

शेजारी ५ आर्कमिनिटांवर एनजीसी ४१५६ आहे. तीही धूसर वस्तू, म्हणून हवेचा परिणाम ताडून बघायला मी तिच्यावरही वर्तुळ टाकत होते. रीत चांगली आहे, पण अलीकडे या दीर्घिकेच्या केंद्रातही मोठा बदल झाल्याचं प्रसिद्ध झालं आहे. तिला अगदी स्थिर धरू नका. माझ्या आकड्यांत ती हंगामभर जागेवर आहे, तरी ताळा म्हणून मी आता कडेची एक निष्क्रिय दीर्घिकाही जोडली.

१० मे

हिशेबाला बसले. व्ही फिल्टरच्या ७१ रात्री, हायड्रोजनच्या ४८.

पहिलं उत्तर: एका दिवसाहून थोडा जास्त. आनंद होण्याआधी शंका आली, कारण शिखराचं टोक शून्याला चिकटलेलं होतं. हायड्रोजनच्या फिल्टरमधून फक्त हायड्रोजन येत नाही. त्याच पट्ट्यातून तबकडीचा प्रकाशही येतो, आणि तबकडीची तबकडीशीच जुळणी केली तर उशीर शून्यच निघणार. तो भाग वजा करायलाच हवा.

किती वजा करायचा, इथेच माझं काम अडकलं. व्ही फिल्टरमधल्या तेजावरून, ताऱ्यांच्या गुणोत्तराच्या आधाराने अंदाज बांधला. पट्ट्यातला एक चतुर्थांश प्रकाश तबकडीचा धरला तर उशीर ५ दिवस येतो. ३५ टक्के धरला तर ८ दिवस. दोन्हीपैकी कोणता खरा हे सांगायला माझ्याकडे मोजमाप नाही. व्ही पट्ट्यात ऑक्सिजनच्या प्रखर अरुंद रेषेचा आणि दीर्घिकेच्या ताऱ्यांचाही वाटा आहे. तो बदलत नाही, पण गुणोत्तर बिघडवतो.

६.६ हा आकडा आधीपासून माहीत असल्यामुळे मधला हिस्सा निवडून तिथे पोचणं सोपं होतं. तसं केलं नाही. दोन्ही टोकं आणि हजार फेऱ्यांचा पसारा धरून माझं उत्तर ४ ते ११ दिवस. प्रसिद्ध उशिराशी विसंगत नाही, पण याला स्वतंत्र मापन म्हणता येणार नाही.

एक ताळा मात्र उपयोगी पडला. एनजीसी ५५४८ च्या १९८९ च्या आकड्यांतून माझ्या रात्रींसारख्याच खिंडी पाडून नोंदी उडवल्या आणि तोच हिशेब चालवला. २० दिवसांचा नेमका उशीर पसरून १४ ते २६ झाला. माझ्या पसाऱ्यातला मोठा वाटा रात्री चुकल्याचा आहे. वीज, दव, चुकीचा फिल्टर, सगळं त्यात आलं.

हे सोडा असं मी कोणाला म्हणणार नाही. उशीर ठरलेला नसतो. एनजीसी ५५४८ मध्ये तो वर्षागणिक ६ ते २६ दिवस असा बदलत गेला, साधारणपणे केंद्र उजळ असेल तेव्हा मोठा. २०१४ साली हबलसह झालेल्या मोहिमेत मात्र तो जेमतेम ४ दिवसांचा निघाला, तेजाच्या मानाने फारच कमी. म्हणजे एकदा मोजून काम संपत नाही. ती रचना स्वतः हलते आहे, आणि रोज बघणारी छोटी दुर्बीण तिथे कामाची आहे.

२ जून

वळवाच्या सरी सुरू झाल्या. दीर्घिका संध्याकाळी अजून डोक्यावर असते, पण आकाश मिळत नाही. शेवटची चांगली रात्र २६ मे.

खर्च: खोली २१,०००, दोन हायड्रोजन फिल्टर ३६,५००, व्ही फिल्टर ११,८००, बॅटरी ९,२००, पट्टा ३,४००. एकूण ८१,९००, जुन्या फिल्टरचे १५,००० परत आले, हातचे गेले ६६,९००. दुर्बीण आणि कॅमेरा आधीचेच. स्कूटरच्या खेपा १०४.

वजाबाकीचा प्रश्न सोडवायला सल्फरचा ६-७ नॅनोमीटरचा फिल्टर घ्यायचं ठरवलं आहे. तो ६७२४ अँगस्ट्रॉमभोवतीचा पट्टा धरतो, म्हणजे हायड्रोजनच्या रुंद रेषेच्या बराचसा पलीकडे पण जवळच. त्यात या दीर्घिकेच्या सल्फरच्या अरुंद रेषा येतील, त्या स्थिर असल्यामुळे फक्त कायमची भर घालतील. व्हीवरून अंदाज बांधण्यापेक्षा शेजारच्या पट्ट्यातला प्रकाश थेट मोजलेला बरा. या वेळी गुणाकार आधी केला आहे.

दुर्बीण उतरवून घरी आणली, नळीत सिलिका जेलच्या चार पुड्या ठेवल्या. छपराच्या रुळांना गंज लागलाय. मामेभाऊ म्हणाला, "ताई, ऑइलपेंट मी मारतो, तू डबा आणून दे." डबा उद्या देते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा पहाटे चारला.